दहाव्याला तू हसलास, त्याबद्दल

मिरज
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू बोलता बोलता थांबलास आणि हळू आवाजात म्हणालास, "एक सांगू? कुणाला बोलू नकोस. अण्णांच्या दहाव्याला मला हसू आलं." मी तेव्हा गप्पच राहिलो. तुझ्या आवाजात इतकी शरम होती, की दोन समजुतीचे शब्द बोलून फोन ठेवणं मला बरं वाटलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय.

तू सांगितलंस ते सगळं मी डोळ्यांपुढे आणलं. घाटावर अकराचं ऊन, पिंड मांडलेले, समोरच्या पिंपळावर चार कावळे, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. मग एकेकाने पुढे होऊन अण्णांना शब्द द्यायला सुरुवात केली. दादा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. काका म्हणाले, विहिरीच्या वाट्याचं भांडण मिटवतो. तरी कावळा हलेना. शेवटी तुझे मेहुणे कळवळून म्हणाले, "अण्णा, तुमचे घेतलेले चाळीस हजार दिवाळीपर्यंत परत करतो," आणि त्याच क्षणी कावळा शिवला. त्या चाळीस हजारांचा घरात कुणालाच पत्ता नव्हता. ताई मान वळवून नवऱ्याकडे बघायला लागली, तू नदीकडे तोंड फिरवलंस, तुझे खांदे हलायला लागले. आत्यांना वाटलं तू रडतोयस. त्यांनी तुला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "रड बाळा, मोकळा हो."

सुध्या, यात अण्णांचा अपमान मला कुठेच दिसत नाही. का दिसत नाही, हे सांगायला मला इंग्रजी फार्सकडे, म्हणजे त्यांच्या प्रहसनांकडे जावं लागणार. त्यावरून आपला वाद तीस वर्षं चाललाय. तू म्हणतोस, फार्स म्हणजे नुसती पळापळ, दारांची आदळआपट आणि कुणाची तरी सुटलेली पँट. आज माझी बाजू नीट ऐकून घे.

२००७ साली 'डेथ ॲट अ फ्युनरल' नावाचा एक ब्रिटिश सिनेमा आला. दिग्दर्शक फ्रँक ऑझ, कथा डीन क्रेगची. वडील गेलेत, अंत्यविधी घरीच आहे, शवपेटी येते. झाकण उघडल्यावर मुलगा डॅनियल बघतो, तर आत दुसराच माणूस. सिनेमा इथून सुरू होतो. डॅनियलला वडिलांबद्दल चार शब्द बोलायचेत, ते त्याने कागदावर लिहून आणलेत. पण येणारा प्रत्येक जण विचारतो, तुझा भाऊ का नाही बोलत? कारण भाऊ नावाजलेला कादंबरीकार. तेवढ्यात, मन शांत करणारी साधी गोळी समजून एका पाहुण्याला भलतीच गोळी दिली जाते आणि त्याला शवपेटी हलताना दिसायला लागते. मग एक अनोळखी, बुटका माणूस डॅनियलला बाजूला घेतो आणि वडिलांचं असं एक गुपित सांगतो, जे आईच्या कानावर गेलं तर सगळं संपलं. वर त्याला पैसेही हवेत.

या सगळ्यात डॅनियल करतो काय? विधी नीट पार पडावा म्हणून धडपडतो. आईला काही कळू नये, पाद्रीबुवांचा खोळंबा होऊ नये, आलेल्यांना चहा मिळावा, यासाठी तो घामाघूम होतो. वडिलांची थट्टा त्याच्या मनातही नाही. हसतो फक्त प्रेक्षक, आणि प्रेक्षकाला हसू येतं ते त्या धडपडीचं. शेवटी शवपेटी, गुपित, पैसे असा सगळा गोंधळ उघड्यावर येतो, तेव्हा डॅनियल हातातला कागद बाजूला ठेवतो आणि वडील जसे होते तसे, त्यांच्या चुकांसकट, चांगला माणूस होते असं सांगतो. त्या भाषणाला मला दर वेळी भरून येतं. आधीचा दीड तास हसलो नसतो, तर ते भाषण इतकं आत गेलं नसतं अशी माझी खात्री आहे.

माझ्या मते ब्रिटिश फार्सचं मर्म इथे आहे. त्यातला माणूस मर्यादा मोडायला निघालेला नसतो, ती सांभाळायला निघालेला असतो. एक छोटं खोटं बोलतो, तेही बहुतेक वेळा कुणाची तरी अब्रू राखायला. ते झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. 'लोक काय म्हणतील' ही भीती फक्त आपल्या वाड्यांतून आणि चाळींतून असते असं आपल्याला वाटतं, पण लंडनच्या उपनगरांतला मध्यमवर्ग त्याच भीतीत वाढला. १९८८च्या 'अ फिश कॉल्ड वाँडा'मध्ये जॉन क्लीझने आर्ची नावाचा बॅरिस्टर केलाय. तो आपल्या अमेरिकन प्रेयसीला सांगतो, की इंग्रज असणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. आपल्या हातून काही चुकेल, आपण भलतंच काही विचारून बसू, या धास्तीत आम्ही आयुष्य काढतो. हे सांगून मोकळा झालेला तोच आर्ची पुढे एका प्रवेशात रशियन बोलत, नाचत कपडे उतरवतो, आणि दारातून एक अख्खं अनोळखी कुटुंब आत येतं. दिग्दर्शक होते चार्ल्स क्रायटन. तेव्हा त्यांची पंच्याहत्तरी उलटून गेली होती, आणि तो प्रवेश बघताना त्यांचा हात किती मुरलेला होता ते कळतं.

या परंपरेला एक कायदेशीर कारणही आहे. इंग्लंडमध्ये १९६८पर्यंत नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजघराण्याच्या अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे. त्यामुळे फार्समध्ये सगळं घडल्यासारखं वाटायचं आणि प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसायचं. बेन ट्रॅव्हर्सचं 'रुकरी नुक' घे. १९२६ला लंडनच्या ऑल्डविच थिएटरात आलं, १९३०ला त्याचा सिनेमा झाला. सावत्र बापाने हाकललेली एक मुलगी पायजम्यावर शेजारच्या बंगल्यात आसऱ्याला येते, आणि त्या बंगल्यात नुकतंच लग्न झालेला एक गृहस्थ नेमका त्या रात्री एकटा असतो. तो पूर्ण निर्दोष आहे, आणि त्याचा निर्दोषपणा कुणालाही पटणार नाही. एवढ्यावर अख्खं नाटक उभं आहे. तुला ही परंपरा परकी वाटते, पण आपण दोघांनी 'मोरूची मावशी' किती वेळा पाहिलं ते आठव. अत्र्यांनी ते ब्रँडन थॉमसच्या १८९२च्या 'चार्लीज आंट'वरून घेतलं. विजय चव्हाण लुगडं सावरत यायचे तेव्हा आपण ज्याला हसत होतो, ते याच घराण्यातलं होतं.

तुझ्या एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. रंगमंचावरचा फार्स पडद्यावर बऱ्याचदा आपटतो. रे कूनीचं 'रन फॉर युअर वाइफ' १९८३पासून लंडनमध्ये जवळजवळ नऊ वर्षं चाललं. एका टॅक्सीवाल्याच्या दोन बायका, दोन घरं, एक विंबल्डनला, दुसरं स्ट्रेटमला. रंगमंचावर ही दोन्ही घरं एकाच नेपथ्यात, एकाच वेळी दिसतात. दोन्ही बायका एकमेकींच्या शेजारून जातात, आणि तरी वेगवेगळ्या घरांत असतात. प्रेक्षकाला सगळं दिसतंय, पात्रांना काहीच दिसत नाही. गंमत त्यात आहे. २०१३ला कूनीनेच त्याचा सिनेमा प्रदर्शित केला, तर पहिल्या शनिवार-रविवारची कमाई ६०२ पौंड. कॅमेऱ्याने ही दोन घरं वेगळी केली आणि जीव गेला. रंगमंचावर आपल्याला सगळी दारं एकदम दिसतात, म्हणून कुठलं उघडेल याची धाकधूक असते. कॅमेरा एका वेळी एकच दार दाखवतो.

दाराचं महत्त्व तुला मी काय सांगायचं! राज्य नाट्य स्पर्धेच्या त्या प्रयोगात पावसाळी हवेने आपला डावीकडचा दरवाजा फुगला, चौकटीत घट्ट बसला आणि तुझ्या एन्ट्रीला उघडलाच नाही. तू विंगेतून फिरून भिंतीच्या कडेने आत आलास. वाक्यं चोख, टायमिंग चोख, आणि तोवर हशा वसूल करणारं नाटक तिथून पुढे थंड पडलं. नेपथ्य माझ्याकडे होतं. त्या रात्री मला कळलं, की फार्समध्ये घर खरं असावं लागतं. भिंत ही भिंत आहे यावर प्रेक्षकाचा विश्वास असेल, तरच दारामागे लपलेल्या माणसाची त्याला काळजी वाटते.

म्हणून ज्यांनी कॅमेऱ्यासाठी नवं घर बांधलं, तेच सिनेमे टिकले. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे १९५५चा 'द लेडीकिलर्स'. ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. पटकथा लिहिली विल्यम रोझने, आणि ती गोष्ट त्याला स्वप्नात सुचली होती म्हणतात. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ, रेल्वेच्या बोगद्याच्या वर, रस्ता संपतो तिथे एक घर. युद्धातल्या बॉम्बफेकीने ते एका अंगाला कललंय, भिंतीवरच्या तसबिरी कधी सरळ राहत नाहीत. नळाला पाणी यायचं तर पाइपवर लाकडी हातोडा हाणावा लागतो. तिथे मिसेस विल्बरफोर्स नावाची म्हातारी पोपट पाळून एकटी राहते. नवरा जहाजाचा कप्तान होता. त्याने बुडत्या जहाजातून पोपटांना होडीत बसवलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेला.

तिच्याकडे एक प्रोफेसर खोली भाड्याने मागायला येतो. ते काम ॲलेक गिनेसचं. म्हणतो, आम्ही पाच जण वादक आहोत, तालमीला जागा हवी. खरे हे दरोडेखोर. ते खोलीत ग्रामोफोनवर बोकेरिनीचं संगीत लावतात आणि दरोड्याचा बेत आखतात. पण दर थोड्या वेळाने दारावर टकटक होते. म्हातारीला विचारायचं असतं, चहा देऊ का? लगेच पाचही जण व्हायोलिन, चेलो उचलून वादकांसारखे उभे राहतात. एकदा पोपट सुटतो, तर अख्खी टोळी तो पकडायला छपरापर्यंत धावते. माणसं मारायला न कचरणारे हे पाच जण एका आजीशी उद्धटपणे बोलू शकत नाहीत, आणि तिथेच त्यांचा सर्वनाश सुरू होतो.

दरोडा पडतो. लुटीची ट्रंक स्टेशनवरून टॅक्सीने घेऊन येते स्वतः म्हातारी, तिला आत काय आहे ते ठाऊक नाही. वाटेत एक भाजीवाला घोड्यावर हात उगारतो म्हणून ती टॅक्सी थांबवून त्याला दटावते, आणि तिकडे दरोडेखोरांचा जीव टांगणीला. पुढे चेलोची पेटी दारात अडकते, नोटा बाहेर पडतात, तिला सगळं कळतं. आता पळून जावं ना? पण त्याच वेळी तिच्या मैत्रिणी चहाला येऊन ठेपतात, आणि हे पाच जण त्या म्हाताऱ्यांच्या मध्ये कपबशा सांभाळत बसतात. माझं पोट दुखतं तिथे हसून हसून. नंतर ते काड्या ओढून ठरवतात, आजीला कोणी मारायचं. ज्याच्यावर पाळी येते त्याच्याने ते होत नाही. ती खुर्चीत डुलक्या घेत राहते, आणि ते एकमेकांना संपवत, एकामागून एक खालून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणींत पडत जातात. सकाळी ती पोलिसांना सगळं खरं सांगते. ते प्रेमाने मान डोलावतात आणि म्हणतात, पैसे तुमच्याकडेच ठेवा.

म्हातारी केली होती केटी जॉन्सनने. वय सत्तरीच्या पुष्कळ पुढे. आयुष्यभर लहान भूमिका केलेल्या या बाईला त्या कामासाठी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तिचा अभिनय बघताना एक गोष्ट लक्षात येते. आपण विनोदी सिनेमात आहोत हे तिला माहीतच नाही. ती फक्त चांगली वागते. पीटर सेलर्स, हर्बर्ट लोम हेही तसेच, एकही जण प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावत नाही.

'क्लॉकवाइज'वर फार लिहीत नाही, तो १९८६चा. मायकेल फ्रेनची पटकथा. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा मुख्याध्यापक चुकीच्या आगगाडीत बसतो, आणि घराऐवजी अख्खा रस्ता त्याचा सापळा होतो. त्यात एकदा तो रस्त्याकडेला हताश पडून म्हणतो, की निराशा मी सोसू शकतो, आशा सोसवत नाही. रुग्णालयातले अण्णांचे शेवटचे पंधरा दिवस तू कसे काढलेस ते मी पाहिलंय, म्हणून हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम लिहितो.

आता घाटावरचा तो क्षण पुन्हा बघ. मेहुण्यांनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं ते कावळा शिवावा म्हणून, अण्णांचा जीव कशात अडकू नये म्हणून. काका वीस वर्षांचं भांडण सोडायला तयार झाले ते त्यासाठीच. तू तोंड फिरवलंस ते कुणाला दिसू नये म्हणून. तिथला प्रत्येक जण विधी नीट पार पाडायला जीव तोडून धडपडत होता, आणि त्या धडपडीने तुला हसवलं. तुझ्या आत्यांना तू रडतोयस असं वाटलं, त्यात फार चूक झाली असं मला वाटत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. लॅपटॉप आणतो, 'द लेडीकिलर्स' त्यात आहे. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला विचारून ठेव, बसतील का आपल्याबरोबर. संवाद मी थांबवून थांबवून मराठीत सांगेन. म्हातारी पाइपवर हातोडा हाणते तो प्रवेश त्यांना आवडेल. मोरीतल्या नळाला अण्णाही तसंच करायचे.

तुझा,
अन्या