सुपरचार्जर किटसोबत आलेली चुकीची इंधन फाइल आणि तुमच्या माणसांचं ‘गाडी चालते आहे ना?’

प्रति,
व्यवस्थापक,
तांत्रिक विभाग व ग्राहक सेवा

विषय : किटमधले इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) फाइल एकमेकांशी जुळत नसल्याबद्दल, सहा फोन करूनही उत्तर न मिळाल्याबद्दल.

सहावा फोन आत्ताच संपला. माझं वाक्य अर्धं असताना तुमच्या माणसाने ठेवून दिला, म्हणून आता लिहितो आहे. सुपरचार्जर इंजिनमध्ये जास्तीची हवा दाबून भरतो आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल द्यायला किटमध्ये इंजेक्टर आणि फाइल असते, हे तुम्हाला समजावत बसणार नाही. ते तुम्हीच बनवलं आहे. ऑर्डरची पावती, फोटो आणि इंजिनच्या नोंदींच्या फाइली सोबत जोडल्या आहेत.

मुख्य तक्रार अशी. तुमच्या पुस्तिकेतल्या सामानाच्या यादीत मिनिटाला ५५० सीसीचे इंजेक्टर लिहिले आहेत. ईसीयूत भरायला दिलेली फाइलही ५५० चेच इंजेक्टर धरून लिहिली आहे. मी ती उघडून आकडा पाहिला. खोक्यात आलेले चारही इंजेक्टर मात्र ४४० चे आहेत. त्यांच्या अंगावरचा क्रमांक तेच सांगतो. तरीही खात्री असावी म्हणून इंजेक्टर साफ करायच्या मशीनवर लावून ३ बार दाबाला प्रवाह मोजून घेतला. चौघांचेही आकडे ४३६ ते ४४१ च्या दरम्यान आले. फाइलीतला ५५० हा आकडाही ३ बारचाच आहे, त्यामुळे ‘दाब वेगळा असेल’ हे उत्तर कृपया देऊ नका. ते तिसऱ्या फोनवर मिळालं आहे.

४४० भागिले ५५० म्हणजे ०.८. ईसीयू शंभर थेंब मागतो, इंजिनला ऐंशी मिळतात. बूस्टमध्ये, म्हणजे सुपरचार्जर हवा दाबून भरत असताना, फाइल हवा-इंधनाचं प्रमाण ११.५ मागते, मला ते मोजणाऱ्या वाइडबँड मीटरवर १४.४ दिसलं. आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल कमी. गणित आणि मीटर दोन्ही एकच सांगत आहेत. तुमच्याच पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं आहे की बूस्टमध्ये हा आकडा १२ च्या वर गेला तर ताबडतोब पाय उचला. मी उचलला. तिसरा गिअर, रिकामा सरळ रस्ता, मित्र शेजारी बसून मीटर वाचत होता. बूस्टचा दाब ५ पीएसआय झाला तेव्हा तो ओरडला आणि मी थ्रॉटल सोडला. नंतर नोंदी पाहिल्या तर इंजिनातले अवेळी स्फोट ओळखणाऱ्या नॉक सेन्सरमुळे तोवर ठिणगीची वेळ ६ अंश मागे गेलेली होती. तो ओरडला नसता, किंवा मी मीटर लावलाच नसता, तर आज हे पत्र वितळलेल्या पिस्टनबद्दल असतं.

आता चौथ्या फोनबद्दल. तो मला जसाच्या तसा सांगायचा आहे, कारण तुमच्यापर्यंत तो पोचलेला नाही याची मला खात्री आहे.

३८ मिनिटं थांबल्यावर एका गृहस्थांनी फोन घेतला. गाडी कोणती, किती सालची, इंजिन किती सीसीचं, हे विचारलं. मी सांगितलं. पुन्हा तेच तीन प्रश्न. पुन्हा सांगितलं. मग, “सर, सुपरचार्जर बसवलाय का?” मी म्हटलं, बसवलाय, म्हणूनच फोन केलाय. “बेल्ट फिरतोय का?” फिरतोय. “गाडी स्टार्ट होते?” होते. “चालते?” चालते, पण...

“चालते आहे ना सर? मग अडचण काय आहे?”

मी आवाज चढवला नाही. इंजेक्टर, फाइल, ०.८, १४.४, सगळं क्रमाने सांगितलं. चेक इंजिनचा दिवा लागलाय, पी ०१७१ हा मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्याचा कोड आलाय, हेही सांगितलं. पलीकडे शांतता. मग त्यांनी माउथपीसवर हात ठेवला. तो नीट ठेवलेला नव्हता. शेजारच्या कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं आणि त्यानंतर दोघांचं हसणं ऐकू आलं. परत येऊन ते म्हणाले, “सर, सुपरचार्जर लावल्यावर असे दिवे येतातच. कोड पुसून टाका.”

मी विचारलं, आणि मीटरवरचे १४.४? “मीटर साधा असेल सर.” मी म्हटलं, दोन वेगवेगळे मीटर लावून पाहिलेत, दोन्हींवर तेच येतं. “मग दोन्ही तसेच असतील.” इंजेक्टर मशीनवर मोजल्याचं सांगितलं. त्यावर, “सर, तुम्ही स्वतः बसवलंय ना? मेकॅनिककडून बसवलेलं नसेल तर आम्ही काही बोलू शकत नाही.”

तुमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलंय? ‘कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, घरच्या हत्यारांनी बसवा.’ ते वाचून मी हे किट घेतलं. विकताना घरी बसवता येतं आणि तक्रार आली की घरी बसवलं हाच गुन्हा? दोन्ही वाक्यं एकाच कंपनीने एकाच ग्राहकाला सांगायची?

आणि ‘चालते आहे ना’ याचं उत्तर इथे देतो, कारण फोनवर ते कुणी ऐकून घेतलं नाही. गाडी चालते, हाच तर धोका आहे. आयडलला आणि संथ चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून कमी पडलेलं पेट्रोल भरून काढतो. माझ्या नोंदींमध्ये ही दुरुस्ती अधिक २४ टक्क्यांवर जाऊन बसली आहे. फाइल बरोबर असती तर ती शून्याच्या आसपास असायला हवी होती. म्हणून गाडी गुळगुळीत सुरू होते, गर्दीत नीट चालते, आणि ज्याच्याकडे मीटर नाही त्याला काहीच कळत नाही. पाय पूर्ण दाबला की मात्र हाच ईसीयू सेन्सर बाजूला ठेवून तुमच्या फाइलीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. ७ पीएसआय बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा, तीही दाबल्यामुळे तापलेली. आणि नेमक्या त्या क्षणी पेट्रोल वीस टक्के कमी. कोड पुसला तर एवढा एकच इशारा देणारा दिवाही विझतो. तुमचा माणूस ग्राहकाला स्वतःच्या इंजिनचा इशारा पुसून टाकायला सांगत होता. तो हसला याचा राग मला आहेच. पण हा सल्ला त्याने आणखी किती जणांना दिला असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

मी काम निष्काळजीपणे केलं, असं सहाव्या फोनवर सुचवलं गेलं. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट मी तुमच्याच क्रमाने, मधून बाहेर, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळले. स्पार्क प्लग एक पायरी थंड घातले आणि गॅप ०.७ मिलिमीटरला आणला. इंटरकूलरच्या पाण्यातली हवा पूर्ण निघेपर्यंत पंप चालवला. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधनाचा दाब बघितला. चार दिवस लागले, कारण घाई करायची नव्हती. या इंजिनवर माझा जीव आहे.

बाकीचं थोडक्यात. सुपरचार्जरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा ३ मिलिमीटर पुढे बसते. सरळ पट्टी लावून मोजलं आहे, फोटो जोडला आहे. तुमच्या आकृतीत तिथे ३ मिलिमीटरचा स्पेसर (अंतर भरणारी चकती) दाखवला आहे. सामानाच्या यादीत तो नाही आणि खोक्यातही नाही. दुसऱ्या फोनवर मला सांगण्यात आलं की तो माझ्याकडूनच हरवला असेल. यादीतच नसलेली वस्तू मी कशी हरवली? तिरक्या बेल्टच्या कडेची एक धार आठवड्यात उसवली. शेवटी स्पेसर मी लेथवर करून घेतला.

क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) नळीतल्या एकदिशा व्हॉल्व्हबद्दलही पुस्तिका दुरुस्त करा. मजकुरात बाण मॅनिफोल्डच्या दिशेने ठेवा असं बरोबर लिहिलंय, शेजारच्या फोटोत तो नेमका उलटा आहे. फोटो बघून बसवणारा माणूस बूस्टचा दाब थेट क्रँककेसमध्ये सोडेल आणि ऑइलची सीलं फुटेपर्यंत त्याला कारण सापडणार नाही.

मला सर्वांत जास्त वाईट कशाचं वाटलं, तेही लिहितो. तुमचं यंत्र उत्तम आहे. रोटर हाताने फिरवून पाहिले तेव्हा कुठेही अडखळ नव्हती. हवा परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह संथ चालीत इतका छान उघडतो की बूस्ट नसताना गाडी मूळ गाडीसारखीच शांत असते. रूट्स बंधूंनी १८६० साली भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिचं हे रूप इतकं नेटकं कुणी बनवलंय, हे बघून मी मित्रांना बोलावून दाखवलं होतं. हवा ढकलण्याचं अवघड काम तुमच्या माणसांनी इतकं चोख केलं, आणि त्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळतंय का, हे खोकं बंद करण्यापूर्वी कुणी एकदाही तपासलं नाही. त्या मित्रांपैकी एकजण हेच किट घेणार होता. मी त्याला थांबवलं आहे.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. खोक्यात ४४० चे इंजेक्टर चुकून आले, की तुम्ही ते मुद्दाम बदलले आणि फाइल तीच ठेवली? मुद्दाम बदलले असतील तर पूर्ण बूस्टला ते पुरतात का, आणि त्यांची फाइल कुठे आहे? चुकून आले असतील तर ५५० चे चार पाठवा. स्पेसर आणि बेल्ट पाठवा. आणि याच तुकडीतलं किट ज्यांनी ज्यांनी घेतलं, त्या प्रत्येकाला आजच कळवा की फाइल तपासल्याशिवाय थ्रॉटल पूर्ण दाबू नका. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, आणि तीच सर्वांत आधी पूर्ण व्हायला हवी.

दहा दिवस वाट बघतो. तोवर उत्तर आलं नाही तर किट काढून परत पाठवीन, पूर्ण रक्कम मागेन, कायदेशीर नोटीस देईन आणि हे सगळे लॉग, मशीनवरचे आकडे, फोटो जिथे जिथे हे किट लावणारी माणसं एकमेकांशी बोलतात तिथे मांडेन. चौथ्या फोनवर काय झालं, तेही सांगेन. आत्तापर्यंत मांडलेलं नाही, कारण आधी तुम्हाला सुधारण्याची संधी द्यावी असं मला अजूनही वाटतं. पण दुसऱ्या कुणाचं इंजिन गेल्याचं कानावर आलं, तर मी दहा दिवसही थांबणार नाही.

आणि कृपा करून पुन्हा फोन करून ‘चालते आहे ना’ विचारू नका. गाडी उभी आहे. जे काही सांगायचं ते लिहून पाठवा, आणि फाइल बनवायला घेण्याआधी माझ्या इंजेक्टरवरचा क्रमांक सोबतच्या फोटोत वाचा. या वेळी यादीवरून अंदाज बांधू नका.

तुमचा ग्राहक