पुरात मोटार नाही, पॅनल बुडतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या पेपरात दर चार-आठ दिवसांनी पानाच्या कोपऱ्यात एक बातमी असतेच, वीज गेल्यामुळं शहराचं पाणी एक दिवस उशिरा. सोलापूरकराला ती वाचून आता काही वाटत पण नाही, आधीच चार-पाच दिवसाआड पाणी, त्यात अजून एक दिवस पुढं गेला तर चालतंय की. पण माझा धंदा मोटार वाईंडिंगचा आहे आणि त्या बातमीच्या मागं काय असतं ते आमच्या टेबलावर येऊन पडतं, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, काटछाट करा पण मधला मुद्दा ठेवा.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हाचं सगळ्यांना आठवतंय. लांबोटीला पाणी चढलं, पुणे हायवे बंद झाला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात, बोटी, हेलिकॉप्टर सगळं झालं. टीव्हीवर ते दिसलं. पूर ओसरल्यावर आमच्याकडं टेम्पोतून काय काय यायला लागलं ते टीव्हीवर नाही दिसलं. नदीकाठच्या विहिरींवरच्या मोटारी, मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र, पाण्याबाहेर बसणारा), स्टार्टर, पॅनल बोर्ड (मोटार चालू-बंद करायची पेटी), सगळं गाळानं भरलेलं, उघडलं की आतून चिखल आणि सोबत उसाचा पाला. त्यातल्या बऱ्याच गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनांच्या होत्या. म्हणजे गावाला चारी बाजूनं पाणी आणि नळाला थेंब नाही.

आता इथं एक गोष्ट बघा जी लोकांना माहीत नसते. सबमर्सिबल मोटार पाण्यातच राहायला बनवलेली असते, वर अजून वीस फूट पाणी आलं तरी तिला फरक पडत नाही. बुडतो तो काठावरच्या खोलीतला पॅनल, तो लावलेला असतो कमरेएवढ्या उंचीवर कारण वायरमनला उभ्या उभ्या हात पोचला पाहिजे. गाळाचं पाणी काँटॅक्टरमध्ये (मोटारीला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) गेलं, कॉईलमध्ये गेलं, ते वाळलं की वर पांढरा थर बसतो, आणि मग कोणीतरी घाईनं "लाईट आली रे" म्हणून बटण दाबतो आणि फट्. पॅनल तर जातोच, कधी एक फेज तुटून चांगली मोटार पण जळते. खरं तर करायचं एवढंच, सगळं उघडून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा (हो, पाण्यानंच, लोक इथं दचकतात), मग हॅलोजन लावून नाहीतर ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायचं, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर सप्लाय द्यायचाच नाही. बेअरिंग तर बदलायचीच. मोनोब्लॉक बुडाला असेल तर मात्र बहुतेक वेळा नवीन कॉपर भरावं लागतं आणि पुरानंतर सगळ्या दुकानात रांग असते, त्यामुळं तुमच्या गावाचा नंबर कधी लागेल ते देवाला माहीत.

हे सगळं टाळायला किती खर्च येतो? पॅनलची खोली दोन-चार फूट चौथऱ्यावर घ्या, नाहीतर आहे त्याच खोलीत पॅनल वर उचला आणि खाली लोखंडी पायऱ्यांचं स्टूल करा. डीपीचं पण तसंच. नदीला निळी पूररेषा असते, लाल पूररेषा असते, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या, ते नकाशे जलसंपदाकडं असतात. जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसायची विहीर) खोलीच्या भिंतीवर लाल पट्टा मारा आणि पॅनलचा खालचा काठ त्याच्या वर ठेवा, इतकं साधं आहे. पण यात फीत कापायला काही मिळत नाही ना. नवीन टाकी बांधली की नारळ फुटतो, पॅनल चार फूट वर घेतला म्हणून कोण मंडप घालणार.

हे खेड्यातलं झालं, शहर काय वेगळं नाही. कोल्हापूरकरांना विचारा, २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी उपसा केंद्रात शिरलं आणि अख्ख्या शहराचं पाणी बंद, बाहेर महापूर आणि घरात टँकरची वाट. दोन वर्षांत दोनदा. आपण सोलापूरवाले म्हणतो आपल्याकडं पूर कुठं, आपला जिल्हा दुष्काळी. २०२४ च्या जूनमध्ये उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं (म्हणजे वापरायच्या साठ्याच्या पार खाली), दुबार पंपिंग करून पाणी ओढावं लागलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच उजनी शंभर टक्के भरून खाली भीमेत पाणी सोडावं लागलं. दोन महिन्यांचं अंतर. म्हणजे आपल्या सिस्टीमला दोन्ही झेपलं पाहिजे, आणि दोन्ही वेळेला शेवटी सगळं मोटार, केबल आणि फीडर (सबस्टेशनवरून येणारी विजेची लाईन) यावरच येतं. दुबार पंपिंग म्हणजे तरी काय, जादाचे पंप आणि तात्पुरत्या केबली, एक केबल गेली की शहर उपाशी, सॉरी, तहानलेलं.

समांतर जलवाहिनीचं (उजनीहून सोलापूरला आणलेली दुसरी पाईपलाईन) मी वाईट म्हणत नाही, उलट चांगलंच झालं. १७० एमएलडी म्हणजे रोज १७ कोटी लिटर, वर्षभराचा हिशोब केला तर साधारण सव्वादोन टीएमसी होतं. आणि आपण टाकळीच्या पाण्यासाठी उजनीतून भीमा नदीत सोडायचो (औज बंधारा भरायला हो) ते एका वेळेला पाच-सहा टीएमसी! वाटेत वाळू पिते, ऊन पितं, शेतीच्या मोटारी पितात आणि मग उरलेलं आपल्याला. तेव्हा पाईपलाईन पाहिजेच होती. पण पाईपलाईन शंभरावर किलोमीटर लांब आहे, तिच्या एका टोकाला धरणावर पंप आहेत, दुसऱ्या टोकाला पाकणीचं शुद्धीकरण केंद्र, आणि एका जागी वीज गेली की अख्ख्या शहराचं रोटेशन सरकतं. दोन पाईप एकाच जागच्या विजेवर चालणार असतील तर दोन पाईप असून एकच झाला की. म्हणून माझं म्हणणं, पाकणी, सोरेगाव, टाकळी, भवानी पेठ या पाण्याच्या प्रत्येक केंद्रावर वेगळ्या सबस्टेशनवरून दुसरा फीडर पाहिजे, कामचलाऊ का होईना जनरेटर पाहिजे आणि महिन्यातून एकदा तो लोडवर चालवून बघितला पाहिजे. जनरेटर असतो पण ऐन वेळेला त्याची बॅटरी उतरलेली असते हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता हसू पण येत नाही. तसंच एक मोटार आणि एक पंप सुट्टा, पॅक, ग्रीस लावून ठेवलेला पाहिजे. मोठी मोटार रिवाईंड करायला कितीही घाई केली तरी दिवस जातात, व्हार्निश घाईनं वाळत नाही.

आता गटाराचं. लोक याच्यावर बोलायला लाजतात पण रोगराई तिथूनच येते. हिप्परगा तलाव ओव्हरफ्लो झाला की आदिला नाला फुगतो आणि काठच्या सोसायट्यांत चेंबरमधून उलटं पाणी वर येतं, संडासातून येतं. त्याला ड्रेनेज लाईनवर एक नॉन रिटर्न वॉल (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लागतो, सखल भागातल्या घरांना तो सक्तीचा करा आणि गरिबांना फुकट बसवून द्या, पुरानंतर पंचनामे करून पैसे वाटण्यापेक्षा स्वस्त पडेल. दुसरं, आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं म्हणजे मधले चार दिवस पाईप रिकामा असतो, रिकामा पाईप बाहेरचं ओढून घेतो, बाजूनंच गेलेली ड्रेनेज फुटलेली असेल तर काय ओढेल ते सांगायला नको. त्यात नळाला डायरेक्ट मोटार लावली की अजून जोरात ओढतो. हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण खरं तेच आहे, हौदात पाणी पडू द्या आणि मोटार हौदाला लावा.

म्हणून पाणी सुटल्यावर पहिलं पाच-दहा मिनिटं सोडून द्या म्हणतात ते बरोबर आहे, फक्त चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून द्यायला बायकांचा जीव होत नाही. खेड्यात आरोग्यवाले ओटी टेस्ट करतात, एका नळीत पाणी घेऊन दोन-तीन थेंब टाकले की पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. मिनिटाचं काम. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. शहरात प्रभागवार असंच कार्ड द्या की, आणि टाकीवरचा नाही तर शेवटच्या घराचा नळ तपासा, तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलं पाहिजे हा नियमच आहे. पुरानंतर बोअर आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं पण प्रमाणात, हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, नाहीतर लोक पोतं ओततात आणि मग वास येतो म्हणून ते पाणी सोडून नाल्याचं वापरतात.

आणि वॉलमन. शहरातला कुठला वॉल कुठं आहे, किती आटे फिरवले की कुठल्या गल्लीला पाणी जातं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. आमच्या भागातला जुना माणूस रिटायर झाला तर पुढचे कित्येक दिवस नवीन पोरगा रस्त्यात खड्डे खणून वॉल शोधत होता. पुराच्या रात्री एखादी फुटलेली लाईन बंद करायची तर कोणाला उठवणार? सगळे वॉल मोबाईलवर नकाशात टाका, झाकणावर नंबर पेंट करा. पेंटचा डबा आणि एक पोरगं, बस.

दिल्लीत २०१९ पासून सीडीआरआय नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आपल्याच देशाच्या पुढाकारानं झालेली, आपत्तीत टिकतील असे रस्ते, वीज, पाणी कसं बांधायचं यावर काम करते. २००५ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, कलेक्टर साहेब त्याचे अध्यक्ष. दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते, त्यात बोटी किती, लाईफ जॅकेट किती, दोरखंड किती याचा आढावा होतो, तो व्हायलाच पाहिजे. त्याच यादीत अजून एक रकाना वाढवा, प्रत्येक पाणी योजनेच्या पॅनलचा फोटो, जमिनीपासून उंची आणि पूररेषेपासून उंची. जिथं पॅनल रेषेच्या खाली आहे त्या गावांची नावं आपण पेपरात छापा, जूनच्या आत. तेवढं छापून आलं तर कुठल्या मोटारी आमच्याकडं येणार ते आधीच कळेल आणि त्या न येण्याची व्यवस्था पण होईल.

आपला,
एक मोटार वाईंडिंगवाला, सोलापूर