आधी मला फोन कर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

लातूरला पोचलास की क्लासचं वेळापत्रक, मेसचा डबा, नवे रूम पार्टनर यातच पहिला आठवडा जाईल. तो जाऊ दे. मग एखाद्या रविवारी दुपारी, रूमवर कुणी नसताना हे वाच. फोनवर बोलायला गेले तर तू ‘हो गं आई, माहितीय’ म्हणशील आणि विषय तिथंच संपेल, म्हणून लिहिते आहे.

स्वतःचा फोन तुला पहिल्यांदाच मिळतोय. क्लासचे व्हिडिओ, डाउटचे ग्रुप, मेसचे पैसे, सगळं त्यावरच असणार. तेव्हा तो वापरू नकोस असं मी म्हणणार नाही. मला एकाच प्रकाराबद्दल बोलायचंय. मुलींना त्यांच्या आया याबद्दल थोडंफार तरी सांगतात. मुलांशी कुणी बोलत नाही, आणि फोटोवरून धमकावून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तावडीत तुझ्या वयाचे मुलगेच जास्त सापडतात.

हे कसं होतं ते नीट समजून घे. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट येते. म्युच्युअलमध्ये तुझ्या वर्गातले दोघं-तिघं दिसतात, कारण त्यांनीही ती घेतलेली असते. तुला वाटतं, ओळखीतलीच कुणीतरी असेल. दोन दिवस क्लास, टेस्ट, आवडती गाणी. मग ‘व्हॉट्सॲपवर ये ना’. मग ती स्वतःचा म्हणून एक उघडा फोटो पाठवते आणि तुझाही तसलाच मागते, किंवा रात्री उशिरा व्हिडिओ कॉल येतो. तुला समोर दिसते ती आधीच तयार ठेवलेली क्लिप असते, आणि तिकडे तुझी स्क्रीन रेकॉर्ड होत असते. कॉल कट होतो. लगेच तुझाच स्क्रीनशॉट तुला येतो आणि त्याखाली तुझ्या फॉलोअर्सची यादी: आत्या, मामेभाऊ, शाळेतल्या बाई. ‘पाच हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ वर दहा मिनिटांची मुदत. ती मुदत मुद्दाम दिलेली असते. तुला विचार करायला, कुणाला विचारायला सवडच मिळू नये म्हणून. हल्ली तर एवढंही लागत नाही. गॅदरिंगमधला साधा फोटो उचलून एआयने चेहरा भलत्याच अंगावर बसवतात आणि तोच दाखवून घाबरवतात. म्हणजे तू काहीही केलेलं नसताना हे तुझ्यावर येऊ शकतं.

आमच्या बँकेत मागे कॉलेजातला एक मुलगा आला होता. पासबुक भरून घेतलं आणि यूपीआयची मर्यादा वाढवून मिळेल का विचारायला लागला. मी पासबुकावर नजर टाकली. दोन हजार, दोन हजार, पाच हजार, साडेतीन हजार. सगळं एकाच संध्याकाळी, एकाखाली एक, आणि प्रत्येक एन्ट्रीला नाव वेगळं. त्याला आत बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठं बोलायला लागला. शेवटचे पैसे तर त्याने ‘सायबर अधिकारी बोलतोय, तुझा व्हिडिओ यूट्यूबवरून काढून देतो’ म्हणणाऱ्याला दिले होते. तोही त्यांच्यातलाच. एकदा दिले की सुटलो, असं पोरगं समजून चाललं होतं. खरं तर पैसे दिले की त्यांना एवढंच कळतं की हा देणारा आहे, आणि मागणी वाढते. जो देत नाही त्याच्यामागे ते बहुतेक वेळा फार वेळ घालवत नाहीत, दुसरा कुणी शोधतात.

आणखी एक गोष्ट सांगते. लिहिताना जीव घाबरा होतो, पण सांगते. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या १७ वर्षांच्या मुलाला असंच गाठलं. रात्रभर धमक्या देत राहिले. काही तासांत त्याने जीव दिला. वडील त्याच घरात होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलगी म्हणून बोलणारे नायजेरियातले भाऊ निघाले. त्यांना अमेरिकेत आणून २०२४ मध्ये साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. ओंकार, त्या रात्री त्याला एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं की फोटो पसरला तरी माणूस त्यातून बाहेर येतो. चार दिवस लोक बोलतात, मग विसरतात. मी तुला ते आत्ताच सांगून ठेवते.

म्हणून असं काही झालं तर आधी मला फोन कर. रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर उद्या टेस्ट असो. ‘असा कसा फसलास’ हा प्रश्न मी विचारणार नाही. फोन काढून घेणार नाही, बार्शीला परत बोलावणार नाही. बाबांनी हे पत्र वाचलंय, त्यांचंही हेच म्हणणं आहे. आम्हाला सांगणं अवघड वाटलं तर मामाला सांग. तेही नको वाटलं तर १०९८ लाव. मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

एक रुपयाही द्यायचा नाही आणि गयावया करत मेसेजही करायचे नाहीत. घाबरून चॅट किंवा अकाउंट डिलीट करू नकोस, तोच आपला पुरावा. प्रोफाइलचं नाव, लिंक, नंबर, यूपीआय आयडी, धमकी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घे आणि मग ब्लॉक कर. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० लाव, तो ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे. इथं घाई का, ते मी रोज काउंटरवर बघते: पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरतात आणि कुणीतरी एटीएममधून काढून घेतो. त्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या खात्यात असलेली रक्कम रोखता येते. उशीर झाला की हाती काही लागत नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते. महिला आणि मुलांच्या बाबतीतल्या तक्रारींचा तिथं वेगळा विभाग आहे. पोलिसांकडे जायची वेळ आली तर मी पहिल्या एसटीने येईन. लैंगिक गुन्ह्यांपासून लहानांना वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलांनाही मुलींइतकाच लागू आहे आणि त्यात तुझं नाव कुठे छापता येत नाही.

‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवाही लक्षात ठेव. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या अशा फोटो-व्हिडिओंसाठी ती अमेरिकेतली एक संस्था चालवते, आणि आपल्याकडूनही वापरता येते. फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त आकड्यांचा ठसा तयार होऊन इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांकडे जातो. तो फोटो तिथं दिसला की त्या तो काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. हॉस्टेलच्या ग्रुपवर कधी कुणा मुलीचा, मुलाचा तसला फोटो आला तर पुढे पाठवू नकोस, ‘फक्त तुलाच दाखवतो’ म्हणूनही नाही. अठराच्या आतल्या कुणाचा असला फोटो पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. कायदा राहू दे बाजूला. त्या फोटोतल्या पोराची ती रात्र कशी जात असेल, ते आता तुला ठाऊक आहे.

आणि खातं कुणाला वापरायला द्यायचं नाही. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, हजार तुला’ असं म्हणणारे हॉस्टेलच्या आसपास फिरतात. त्या पासबुकातली वेगवेगळी नावं अशाच पोरांची असतात. खातं गोठतं, पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात आणि ज्याने हजार दिले तो सापडत नाही.

इन्स्टाचं अकाउंट प्रायव्हेट आहे का, ते वाचून झाल्या झाल्या बघ, आणि न ओळखणाऱ्यांचे कॉल व्हॉट्सॲपवर सायलेंट करून ठेव. नाही जमलं तर शनिवारी मी फोन करेन तेव्हा दोघं मिळून करू. शेंगदाण्याची चटणी डब्यात तळाशी ठेवली आहे, एकट्याने संपवू नकोस.

तुझी,
आई