शेजारच्या अक्कांना

अक्का,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पण गल्लीत सगळ्यांना कळावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

आपली ओळखच भांडणातून झाली. आपल्या सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि आलं की तुमची मोटर आधी सुरू. मी दार लावून घेणारी, तुम्ही दारातून ओरडणाऱ्या. भिंतीपलीकडून तुमची तेलुगू मालिका ऐकू यायची, तंबाखूच्या वासानं मी खिडकी बंद ठेवायची. सहा वर्षं अशीच गेली.

मग आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर माझी रजा संपली, त्या सोमवारी तुम्ही सूप काखेत घेऊन दारात उभ्या. "तुम्ही जावा की ओ ऑफिसला. विड्या कुठं बसून वळल्या तरी विड्याच."

अडीच महिने तुम्ही उंबऱ्यापाशी बसलात. आईला वास लागू नये म्हणून आत बसला नाहीत, आणि हे मी सांगितलेलं नव्हतं. एकदा लवकर घरी आले. तुम्ही भिजवलेलं पान कापत होता, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखानं आत, दोरा. नजर मात्र आईच्या पायांवर. आई वॉकर धरून उभी, आणि तुम्ही दटावताय, "अजून चार पावलं. चारच!" माझ्या मऊ बोलण्याला आई एक पाऊल टाकत नव्हती. ज्या आवाजाचा मला वैताग होता, त्या आवाजानं ती चालली.

त्या दिवसांत तुमच्या हजार विड्या क्वचितच पुऱ्या झाल्या, म्हणजे मजुरी बुडली. मी पैसे पुढे केले तर दोन दिवस अबोला.

तुमच्या पेन्शनच्या कागदांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. खिडकीवर मी तासभर सावकाश समजावत राहिले. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "मी असते तर भांडून परत आले असते." मला ते फार आवडलं, अक्का. आजवर माझ्या सावकाशपणाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

गर्दी सोसत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं संक्रांतीच्या यात्रेतल्या सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाळत आले. यंदा मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, सातही नंदीध्वज, तुमच्यासोबत बघायचेत. तुम्ही वाट काढत पुढे चला, मी तुमचा पदर धरते.

तुमची,
भिंतीपलीकडची