दुसरी संधी द्या, पण आधी आमच्या कर्णधाराची बातमी दुरुस्त करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला तो अर्ध्या पानाचा लेख वाचला आणि काल दिवसभर इथे चोपड्यात आम्ही जुने क्रीडाशिक्षक त्यावरच बोलत होतो, शेवटी म्हटलं आपसात बोलून काय उपयोग, तुम्हालाच लिहितो. लेखकाचं म्हणणं असं की खेळाडूंना माफी मिळते, स्पॉट-फिक्सिंगमध्ये सापडलेला पाकिस्तानचा मोहम्मद आमिर परत खेळला, आपल्या श्रीशांतची फिक्सिंगच्या आरोपावरची आजन्म बंदी सात वर्षांवर आली, मग बदनाम झालेल्या क्रीडा पत्रकारालाच कायमचं घरी का बसवायचं. लेख चांगला लिहिलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच लेखाच्या खाली चौकटीत तुम्ही जाहीर केलंय की पुढच्या रविवारपासून आमच्या भागातले एक जुने क्रीडा वार्ताहर तुमच्याकडे सदर लिहिणार. त्यांचा फोटो बघितला आणि डोकंच फिरलं.

नाव मी लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यातली शालेय कबड्डी ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना ते सांगायची गरजही नाही. ही गोष्ट ते तुमच्याकडे नव्हते, दुसऱ्या एका दैनिकात होते तेव्हाची आहे.

सतरा वर्षांखालच्या मुलींचा जिल्ह्याचा उपांत्य सामना होता, अमळनेरला. सप्टेंबर महिना, दुपारी मुली किट घालून तयार, फक्की मारून रेषा आखलेल्या, आणि असा पाऊस आला की पाच मिनिटात फक्की वाहून गेली आणि काळ्या मातीचा नुसता चिखल झाला. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली मग सांगितलं की उद्या सकाळी दुसऱ्या शाळेच्या मैदानावर खेळवू. म्हणजे सामना सुरूच झाला नाही, नाणेफेक पण झाली नाही. आम्ही भिजलेल्या मुली घेऊन एसटीने परत आलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बातमी, की चोपड्याच्या मुली बारा गुणांनी हरल्या, आणि खाली वेगळ्या ठळक ओळीत, की पराभवाने चिडून कर्णधार पंचांच्या अंगावर धावून गेली. कर्णधाराचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट.

त्या मुलीचं घर आमच्या शाळेपासून थोडं लांब, केळीच्या पट्ट्यातलं गाव. सकाळी ती बसस्टॉपवर आली नाही म्हणून मी मोटरसायकल काढून घरी गेलो. ती दारात उभी होती, नी-कॅप आधीच चढवलेल्या, बॅग खांद्याला, आणि रडत पण नव्हती, नुसती खाली बघत होती. आजोबा ओसरीवर पेपर घेऊन बसलेले. त्यांना वाचता येत नव्हतं, चहाच्या टपरीवर कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं, पण त्यांनी बोट मात्र बरोबर त्या ठळक ओळीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "सर, पोरनं नाव पेपरमा उनं, आते बस," म्हणजे पोरीचं नाव पेपरात आलं, आता बस. मी त्यांना सांगितलं की बाबा सामनाच झाला नाही, आज व्हायचाय, मी स्वतः तिथे होतो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता पण ते म्हणाले गावाने पेपर वाचलाय, तुम्ही कोणाकोणाला सांगत फिरणार. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

आम्ही तिच्याशिवाय गेलो. चढाईला आमच्याकडे तीच होती, बाकीच्या पोरी पकडीच्या, आणि आम्ही हरलो, म्हणजे त्या वार्ताहराची बातमी त्याने छापल्यानंतर त्याच्याच मुळे खरी झाली. ती पोरगी त्यानंतर कबड्डी खेळली नाही. विभाग, मग राज्य, मग दहावी-बारावीचे ग्रेस गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हा सगळा रस्ता जिल्ह्याच्या मैदानातूनच सुरू होतो, आणि आमच्या खेड्यापाड्यातल्या मुलींना दुसरा रस्ता फारसा नसतो हे तुम्हाला सांगायला नको.

मी त्यांना जळगावला जाऊन भेटलो. ते म्हणाले, सर, डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या गावांना जाणाऱ्या अंकाचं, पान लवकर लागतं, मला फोनवर कळलं तसं मी दिलं. फोन कोणाचा होता ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज दिला तेव्हा कुठे खुलासा आला, निविदा आणि नावात बदलच्या जाहिरातींच्या खाली, दोन ओळी, की सदर सामना दुसऱ्या दिवशी झाला याची वाचकांनी नोंद घ्यावी. अंगावर धावून गेल्याबद्दल त्यात एक शब्द नाही. ते कात्रण आणि मूळ बातमीचं कात्रण दोन्ही माझ्याकडे आहेत. पुढे त्यांना त्या दैनिकातून काढलं ते वेगळ्याच कारणाने, आयोजकांकडून पैसे घेण्याचा विषय होता, त्यात मला पडायचं नाही.

आता तुमच्या लेखात अमेरिकेतल्या डेट्रॉइट फ्री प्रेस या दैनिकाच्या क्रीडा स्तंभलेखकाचं, मिच आल्बमचं, उदाहरण दिलंय आणि ते मोठ्या कौतुकाने दिलंय. मी तर म्हणतो तेच उदाहरण नीट वाचा. २००५ सालचा एप्रिल, कॉलेज बास्केटबॉलचा शनिवारचा सामना, आणि आल्बमने रविवारच्या अंकासाठी शुक्रवारीच लिहून दिलं की मिशिगन स्टेटचे दोन जुने खेळाडू, मतीन क्लीव्ज आणि जेसन रिचर्डसन, प्रेक्षकांत बसले होते. ते आलेच नाहीत. येणार असं त्याला सांगितलं होतं, आणि त्याने आले असं लिहिलं. अमळनेरसारखंच झालं की, पान आधी लागलं आणि घटना नंतर. पण तिथे पुढे काय झालं ते तुमच्या लेखकाने एका ओळीत उरकलंय. त्याने छापून माफी मागितली, डेट्रॉइट फ्री प्रेसने त्याचं लिखाण थांबवून चौकशी लावली, त्याचे जुने शेकडो लेख तपासले आणि जे सापडलं ते आपल्याच पेपरात छापलं, त्यात दुसरीकडची वाक्यं नाव न देता वापरल्याचंही आलं. मग तो परत लिहू लागला, आणि २०१० मध्ये त्याला तिथला क्रीडा पत्रकारितेचा मोठा रेड स्मिथ पुरस्कार मिळाला तेव्हा सुद्धा तिथल्या क्रीडा पत्रकारांनीच आवाज उठवला. आपल्याकडे यातलं काय झालं? कोणी जुन्या बातम्या तपासल्या? तुम्ही तपासल्या का, सदर द्यायच्या आधी?

आणि खेळाडूंशी तुलना करताय तर सांगतो, आमिरची पाच वर्षांची बंदी तारखेसकट सगळ्या जगाला माहीत होती, वर तो इंग्लंडमध्ये तुरुंगातही जाऊन आला. श्रीशांतची बंदी सप्टेंबर २०२० मध्ये संपली तोवर त्याचं गोलंदाजीचं वय निघून गेलं होतं. पत्रकाराची शिक्षा कुठे लिहिलेली असते? यष्टिरक्षक वृद्धिमान साहाने २०२२ मध्ये मुलाखतीसाठी एका पत्रकाराकडून आलेले धमकीचे मेसेज ट्विटरवर टाकले तेव्हा बीसीसीआयने समिती नेमली आणि त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली, मैदानात प्रवेश नाही, खेळाडूंच्या मुलाखती नाहीत. मेसेजमध्ये फेरफार आहे असं त्या पत्रकाराचं म्हणणं होतं, तरी निदान दोन्ही बाजू ऐकून कागदावर काही तरी आलं आणि मुदत ठरली. पण साहा भारताकडून कसोटी खेळलेला माणूस, त्याच्या मागे वीरेंद्र सेहवाग, रवी शास्त्री बोलायला उभे राहिले. नववीतल्या पोरीच्या मागे कोण उभं राहणार होतं, मी आणि मुख्याध्यापक.

माणसाला परत काम मिळू नये असं मी म्हणत नाही. त्यांनाही घर आहे, तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं आणि जाहिराती आणायचा तगादा किती असतो हे मला माहीत आहे. माझं एवढंच मागणं आहे की पहिलं सदर छापायच्या आधी, त्याच पानावर, त्याच जागेवर, त्यांच्या नावाने छापा की ती बातमी न बघता लिहिली होती, सामना झालेला नव्हता आणि चोपड्याची कर्णधार कोणाच्याही अंगावर धावून गेली नव्हती. तिचं नाव परत छापू नका, "चोपड्याची कर्णधार" एवढं पुरे, आमच्याकडे सगळ्यांना कळेल. ते आजोबा आता नाहीत, पण त्या टपरीवर पेपर अजून येतो. कात्रणं लागली तर मी स्वतः ऑफिसला आणून देतो.

आता लिहितोच आहे तर अजून एक. तुमच्या जिल्हा पानावर शालेय स्पर्धांच्या बातम्या येतात त्यात उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, नारळ कोणी फोडला, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले हे सगळं नावानिशी असतं आणि जिंकलेल्या पोरापोरींची नावं नसतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा सगळ्यांनी पानं भरभरून छापलं, तुम्ही पण छापलं, पण असे पैलवान आणि खेळाडू ज्या तालुक्याच्या मैदानातून निघतात तिथल्या बातमीत तुमच्याकडे फक्त पुढारी असतात. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या खो-खोची बातमी आली, फोटोत सत्कार घेणारे नऊ जण, विजेत्या संघातली एकही मुलगी नाही. संघाची यादी मी तुमच्या वार्ताहराला व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवली होती. या पत्रासोबत परत जोडतोय, बारा नावं आहेत, सगळी छापा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
चोपडा, जि. जळगाव