द्रौपदीचा प्रश्न अजून अनुत्तरित

महोदय,

महाभारताची चर्चा निघाली की दूरदर्शनवरील १९८८ सालच्या मालिकेतील कृष्ण नितीश भारद्वाज, द्रौपदी रूपा गांगुली, ‘समय’चा आवाज हरीश भिमानी, ही माहिती आपण झटकन सांगतो, संवाद राही मासूम रझा यांचे होते, हेही अनेकांना ठाऊक असते. या आठवणी मलाही प्रिय आहेत. मात्र त्याच कथेच्या सभापर्वात, स्वतःला आधीच हरलेल्या युधिष्ठिराला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न आपण क्वचितच चर्चेला घेतो. धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून भीष्मांनी उत्तर टाळले आणि तिच्या बाजूने बोलला तो विकर्ण, म्हणजे प्रत्यक्ष दुर्योधनाचा भाऊ! ग्रंथच जिथे थोरांच्या नीतीला जाब विचारतो, तिथे आज असा प्रश्न करणाऱ्याला धर्मद्रोही ठरवणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. आपल्या पुरवणीतील प्रश्नमंजूषेत कलाकारांच्या नावांबरोबर विकर्णाच्या युक्तिवादालाही जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा