आजोबांच्या खुर्चीचा जुना वेत परत देणाऱ्या मावशींना

मावशी,

नात वाचून दाखवेल, म्हणून इथे लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. प्रदर्शनात खुर्चीजवळच्या कार्डावर घालू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा "नाव नगं बाई, गल्लीतली हसतील" म्हणालात. ते पाळलं. पण आभार मानू नका, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

खुर्ची तुमच्याकडे कोणत्या वाटेने आली ते तुम्हाला मी धड सांगितलंच नाही. आम्ही चार चित्रकलेचे मास्तर-मास्तरणी. १८५१ सालापासून लंडन, पॅरिस, व्हिएन्नात जी मोठमोठी जागतिक प्रदर्शनं भरली, त्यांतल्या शोभेच्या वस्तूंची ओळख साताऱ्यातल्या पोरांना करून द्यावी, एवढाच आमचा बेत. लंडनची भांडी, पॅरिसचं रुपं आम्ही कुठून आणणार? मोठे फोटो छापून घेतले आणि बाकीचं लोकांच्या घरांतून मागितलं. कुणी चंदनी डबी दिली, कुणी काचेची हंडी. रविवर्म्याची छापील लक्ष्मी तर तीन घरांतून आली. त्याच्या चित्रांना १८७३ मध्ये व्हिएन्नाला आणि १८९३ मध्ये शिकागोला बक्षिसं मिळाली, हे त्या तीनही घरांत कुणाला माहीत नव्हतं. तसबिरीला हार मात्र रोजचा.

माझ्याकडे आजोबांची खुर्ची होती. पाठीला गोल कमान, बसायला वेताची जाळी, आणि जाळीच्या मधोमध ताटाएवढं भोक. खालच्या कडेला चिकटवलेला कागद अर्धा फाटलाय, पण "थोनेट" एवढं नाव वाचता येतं. या मिखाएल थोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या फर्निचरला १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं होतं. पुढे १८५९ मध्ये त्याने अशी खुर्ची काढली, की लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, झाली तयार. सुट्या केल्या तर छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावायच्या, म्हणून त्या जहाजाने जगभर गेल्या. लाकूड वाफेवर नरम करून लोखंडी साच्यात वाकवतात, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमी बांबू शेकून वाकवतो तसंच की." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान एका वाक्यात आटोपलं.

तुमच्याआधी तिघांकडे गेले होते. एका दुकानात मालक म्हणाले, "मॅडम, प्लाय मारून वर रेक्झिन चढवतो, नव्यासारखी होईल." मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांच्या पोऱ्याने तो कागद पॉलिश पेपरने घासायला घेतलासुद्धा. ओरडले म्हणून अर्धा तरी वाचला. दुसऱ्याला खुर्ची दुरुस्त नव्हती करायची, विकत घ्यायची होती. तिसऱ्याने ठेवून घेतली, दोन आठवडे फोन उचलला नाही, आणि न्यायला गेले तर तिच्यावर रंगाचे डबे. त्यातच, ज्या संस्थेने हॉल आणि काचेची कपाटं द्यायचं कबूल केलं होतं, तिने चार दिवस आधी कळवलं की वरून परवानगी आली नाही. वर कोण बसतं देव जाणे. चहाला मात्र आम्हाला तीनदा बोलावलं होतं.

मग कुणीतरी सांगितलं, सुपं-टोपल्या करणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांचे वडील पूर्वी कचेरीतल्या खुर्च्यांना वेत भरायचे. तुम्ही खुर्ची उलटी केलीत, कडेची भोकं बोटाने मोजलीत आणि विचारलंत, "कुणाची?" किती जुनी, किती किमतीची, यातलं काही नाही. कुणाची, एवढंच.

विणकाम कसं झालं ते सांगत बसत नाही, बघितलेल्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते कागदाच्या पुडक्याचं. खुर्ची घेऊन निघाले तशी तुम्ही मागून हाक मारलीत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलंत. आत जुना वेत. काळा पडलेला, तुटका, पण झाडून-पुसून, सरळ करून, दोऱ्याने बांधलेली जुडी. मी म्हटलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "आज्याच्या बुडाखालचा वेत हाय ह्यो. उकिरड्यावर कसा टाकू?"

रिक्षात हसत होते, आणि घरी पोचेपर्यंत रडत होते. आजोबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांच्या वस्तू वाटताना आम्ही नातेवाईकसुद्धा इतकं जपून वागलो नव्हतो.

त्या लंडनच्या प्रदर्शनाला साठ लाखांवर माणसं आली होती. आपल्याकडून गेलेल्या वस्तूंत त्रावणकोरच्या महाराजांनी राणीला पाठवलेलं हस्तिदंती सिंहासन होतं. देणाऱ्याचं नाव राहिलं, घेणारीचं राहिलं. ज्यांनी ते कोरलं त्यांच्या हातांबद्दल कोण बोलतो? तुमच्या नकारानंतर कार्डावर मी नुसतं लिहिलं, "वेतकाम : सातारा". फार अपुरं वाटलं, पण खोटं नव्हतं.

चांगुलपणा तसा त्या आठवड्यात पुष्कळ भेटला. एका काकूंनी वाड्याचा सोपा रिकामा करून दिला, भाड्याचं नाव काढू दिलं नाही. रिक्षावाल्याने पोवई नाक्याच्या खड्ड्यांतून खुर्चीसाठी गाडी अशी हळू नेली, की मागचे हॉर्न वाजवून थकले. मोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी जे मिळालं नाही, ते पाटी नसलेल्यांनी दिलं.

आणि तुम्ही आलात तो दिवस. नातीने "हात लावू नये" वाचून दाखवलं, तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. "मग बसायचं कुनी? न बसता खुर्ची कशी कळंल?" तुम्ही गेल्यावर ती पाटी मी काढून टाकली. उरलेले दोन दिवस पोरं रांग लावून बसली. एक निवृत्त हेडमास्तर दुपारी बसल्या-बसल्या घोरायला लागले. जाळी कुठे सैल झाली नाही.

जुना वेत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. परवा माळा आवरताना दुसरी खुर्ची सापडली, हिचीच जोडीदार, एक पाय डुगडुगतोय आणि जाळी पार गेलीय. पावसाळ्यात वेत नीट वाळत नाही म्हणाला होतात, तेव्हा दिवाळीनंतरच आणते. येताना कंदी पेढे आणीन, पण नातीपुरतेच. तुमची साखर किती आहे ते तिने मला सांगितलंय.

तुमची,
शाळेतली चित्रकलेची बाई